अजून दोन शिल्लक

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी आयुष्यात प्रथमच पैसे भरून वजन उचललं. फुकट उचलण्याचा अनुभव दांडगा होता. गॅसचं सिलिंडर, माळ्यावरची ट्रंक, मेहुण्याचा होल्डॉल, लग्नाच्या पंगतीत पेंगलेली मुलगी आणि वरच्या साहेबाने अलगद खाली सोडलेली जबाबदारी असं पुष्कळ काही मी चाळीस वर्षं उचलत आलो. पण त्याला व्यायाम म्हणत नाहीत, संसार म्हणतात. आणि त्याने दंड भरत नाहीत, फक्त कंबर धरते.

डॉक्टरांनी माझा दंड चिमटीत धरून पाहिला. मंडईत कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन परत ठेवून द्यावी, तसा तो परत ठेवला आणि म्हणाले, "वजनं उचलायला लागा."

"मी रोज चालतो की!"

"ते हृदयासाठी. स्नायूंना ओझं लागतं. चाळिशीच्या आतबाहेर ते झिजायला लागतात आणि साठीनंतर जरा वेगाने. आज जिना चढताय. पंधरा वर्षांनी खुर्चीतून उठायलाही तेच स्नायू लागणार आहेत."

खुर्चीतून उठवणं हे काम आजवर वरिष्ठांकडे असतं अशी माझी समजूत होती. ते स्नायूंकडेही असतं हे कळल्यावर मी घाबरलो आणि दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेत नाव घातलं.

तिथला ट्रेनर पंचविशीचा होता. मला तो 'काका' म्हणे, पण त्या आवाजात पुतण्याचा लवलेश नव्हता. पहिल्याच दिवशी त्याने आपलं तत्त्वज्ञान एका वाक्यात सांगून टाकलं. "काका, प्रत्येक सेट फेल्युअरपर्यंत न्यायचा. फेल्युअर नाही तर मसल नाही."

फेल्युअर म्हणजे नापास. हात किंवा पाय साफ नकार देईपर्यंत वजन उचलत राहायचं. पुढची खेप अर्ध्यावर थरथरून थांबली की सेट संपला. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आमच्या घरात 'नापास' हा शब्द शिवीसारखा उच्चारला जाई; शेजारच्या मुलाबद्दल तो वापरायचा असला तरी वडील आवाज खाली आणत. मीदेखील गणितात पस्तिसाच्या काठावरून पाय न घसरू देता सबंध शालेय जीवन काढलेलं. आणि इथे नापास व्हायला महिन्याची फी आगाऊ भरायची होती! माझा हात लटपटून डंबेल खाली आलं की ट्रेनर पाठीवर थाप मारून म्हणे, "व्हेरी गुड, काका!" ही थाप पन्नास वर्षांपूर्वी आमच्या गणिताच्या मास्तरांनी मारली असती तर मी आज कुठल्या कुठे असतो.

त्याचं दुसरं आवडतं वाक्य होतं 'लास्ट वन'. सभेतला वक्ता "शेवटचा एक मुद्दा सांगतो आणि रजा घेतो" असं म्हणाला की श्रोते चपला शोधू लागतात आणि वक्ता पाण्याचा घोट घेऊन पुन्हा फुलतो, त्यातलाच हा प्रकार. "लास्ट वन, काका! अजून एक! आता खरंच लास्ट!" मराठीत 'शेंडी तुटो की पारंबी तुटो' म्हणतात. तिथली पारंबी पोलादाची होती आणि माझी शेंडी निसर्गाने केव्हाच काढून घेतली होती. म्हणजे आता तुटायला उरला होता तो मीच.

पहिल्या आठवड्यानंतर मला शर्टाच्या बाहीत हात घालता येईना. भांग पाडताना हात डोक्याकडे नेण्याऐवजी डोकं हाताकडे न्यावं लागे. जिना उतरताना मी एकेका पायरीशी वाटाघाटी करत असे. आणि खरं सांगू? मला या सगळ्याचा विलक्षण अभिमान वाटत होता. दुधवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत प्रत्येकाला मी आपण होऊन "अंग फार दुखतंय हो" असं सांगत होतो. ते सांगताना चेहऱ्यावर अशी प्रसन्नता असे, की ऐकणाऱ्याला सहानुभूती दाखवावी की अभिनंदन करावं ते कळत नसे.

ह्या अभिमानाचं मूळ माझ्यात नाही, ते आपल्या भाषेत आहे. मराठीत कष्टांची थोरवी सांगायची म्हणजे माणसाची मोडतोडच सांगावी लागते. रक्ताचं पाणी केलं, हाडाची काडं केली, घाम गाळला, उर फुटेस्तोवर धावला. "त्याने बेताने काम केलं, वेळेवर जेवला, दुपारी पाठ टेकली आणि सगळं नीट पार पडलं" असं कुणाच्या एकसष्टीच्या भाषणात कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. काम झालं की नाही हे आपण कामाकडे बघून ठरवत नाही, माणूस किती दमला त्यावर ठरवतो. ऑफिसात साडेपाचला काम संपवून घरी जाणाऱ्याकडे संशयाने बघतात आणि रात्री नऊपर्यंत तीच फाईल उलटसुलट करणाऱ्याला बढती मिळते. मी दोन्ही प्रकार केले आहेत. बढती कशाने मिळाली ते सांगत नाही.

आणि वर ती म्हण आहेच. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. ती खोटी नाही, पण ती नेहमी दगडाच्या बाजूने सांगितली जाते. मूर्तिकाराला विचारलं तर तो सांगेल, की घाव घालणं सोपं असतं, थांबणं कठीण. नाक झाल्यावर टाकी थांबली नाही तर देव होत नाही, खडी होते.

हे शहाणपण मला आपोआप सुचलं नाही. ते एका रात्री जिन्यात सुचलं.

त्या दिवशी पायांचा वार होता. खांद्यावर बार घेऊन बैठका मारायच्या. मी चारही सेट इमानेइतबारे नापास होईपर्यंत मारले आणि दोन्ही पाय उसने आणल्यासारखे घरी घेऊन आलो. रात्री दहाच्या सुमारास वीज गेली, लिफ्ट बंद पडली, आणि नेमकी तेव्हाच तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना धाप लागली. त्यांच्या सुनेने अँब्युलन्स बोलावली, पण स्ट्रेचर काही जिन्याच्या वळणातून फिरेना. शेवटी आजींना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली न्यायचं ठरलं. गेले सहा आठवडे मी इमारतीत एवढी जाहिरात केली होती, की सगळ्यांची नजर माझ्याकडेच वळली. "काका आहेत ना!" कुणीतरी म्हणालं. मी पुढे झालो, खुर्चीचा पाय धरला, पहिली पायरी उतरलो आणि माझ्या गुडघ्यांनी ट्रेनरला दिलेला शब्द पाळला. ते दुमडले. खुर्ची कलली. आजींनी "अगं बाई!" म्हटलं. तेवढ्यात आमच्या हिने माझ्या हातातून खुर्चीचा पाय घेतला. वॉचमन, अँब्युलन्सचा ड्रायव्हर, खालच्या इस्त्रीच्या दुकानातला मुलगा आणि ही, असे चौघे आजींना घेऊन खाली गेले. मागून भिंतीला धरून मी उतरत होतो. माझ्या हातात आजींचा चष्मा आणि औषधांची पिशवी होती. दीड महिना कमावलेल्या ताकदीचा तो एकूण विनियोग.

आजी दहा दिवसांनी सुखरूप परत आल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून चष्मा पोचला हो." त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

त्या रात्री मला झोप आली नाही. पाय दुखत होते हे एक. पण दुसराही एक प्रश्न दुखत होता. ताकद कमवायची कशासाठी? उपयोगासाठी ना? मग ती रोज संध्याकाळी शेवटच्या थेंबापर्यंत व्यायामशाळेतच सांडून यायची, हा कुठला हिशेब? जन्मभर हिशेब तपासण्यात गेलेला माणूस मी. दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन वाचायला बसलो.

वाचून जे समजलं ते असं. स्नायूंचा कारभार सरकारी कचेरीसारखा चालतो. एलवूड हेनमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६५ च्या सुमारास त्याचा नियम मांडला. हलकं काम आलं की आधी छोटे तंतू उठतात, म्हणजे कारकून मंडळी. काम जड असेल किंवा कारकून थकले, तरच फाईल वर सरकते आणि मोठे तंतू, म्हणजे साहेब लोक, कामाला लागतात. वाढायची खरी ऐपत या साहेबांच्यात असते. तेव्हा काम जड वाटेपर्यंत करायला हवं हे खरं. चहाचा कप उचलून दंड भरत नाहीत. पण साहेब एकदा खुर्ची सोडून टेबलापाशी आले की कार्यभाग झाला. त्यांना तिथे चक्कर येऊन पडेपर्यंत उभं करावं असं शास्त्र सांगत नाही. शिवाय स्नायू व्यायामशाळेत वाढतच नाही. तिथे त्याला फक्त नोटीस मिळते. बांधकाम पुढे दिवस-दोन दिवस चालतं, ते जेवणातल्या डाळी-दुधा-अंड्यांवर आणि रात्रीच्या झोपेवर. माझ्यासारखा दर वेळी पार कोसळून येणारा माणूस गवंड्यांना रोज आदल्या दिवशीचीच पडझड उपसायला लावत असतो.

टॉमस डीलॉर्म नावाचा एक अमेरिकन लष्करी डॉक्टर होता. लहानपणी संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळलेला, नंतर वजनं उचलून सुधारलेला. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांचे पाय त्याने वजनांनी पुन्हा उभे केले आणि १९४५ साली त्यावर निबंध लिहिला. सुरुवातीला तो एका बैठकीत सत्तर ते शंभर खेपा करून घेत असे. तीनच वर्षांनी, १९४८ साली, त्याने सोबत्याबरोबर लिहून टाकलं, की इतक्यांची गरज नाही, वीस-तीस पुरतात. दहा-दहाचे तीन सेट, पहिला अर्ध्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. जगभरच्या व्यायामशाळांत आजही 'दहाचे तीन' म्हणतात त्याला मोठा आधार या माणसाचा. मला त्याच्याबद्दल आदर वाटला तो त्या शंभरांबद्दल नाही, तर 'मी आधी जास्त सांगितलं होतं' हे छापून देण्याबद्दल. पुढे १९७० च्या सुमारास आर्थर जोन्स नावाच्या यंत्रवाल्याने नेमकं उलट टोक गाठलं. सेट एकच करा, पण असा की त्यानंतर काही उरू नये. आमचा ट्रेनर त्याचा मानसपुत्र. फक्त एकाऐवजी चार करून घेणारा.

अलीकडे या भांडणाचा बराचसा निकाल लागला आहे. अनेक प्रयोगांची गोळाबेरीज करणारे निबंध गेल्या काही वर्षांत निघाले, त्यातला एक मोठा २०२४ सालचा. त्यांचं तात्पर्य आमच्या भाषेत असं, की ताकद वाढायला नापास होण्याची जरुरी नाही. स्नायूचा आकार वाढायला काठाच्या जवळ गेलेलं बरं, विशेषतः वजन हलकं असेल तर. पण काठावरून उडी मारलीच पाहिजे असं नाही. एक, दोन, तीन खेपा शिल्लक ठेवून थांबलात तरी पदरात जवळजवळ तेवढंच पडतं, आणि दुसऱ्या दिवशी शर्ट घालता येतो.

आपले वाग्भट तर याहून सावध. अष्टांगहृदयात त्यांनी बलवान आणि तूप-दूध खाणाऱ्या माणसालासुद्धा थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करायला सांगितलं आहे, आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी. अति करणाऱ्याला त्यांनी हत्ती ओढायला गेलेल्या सिंहाची उपमा दिली आहे. सिंहाचा अंत होतो. हत्तीचं काय होतं ते दिलेलं नाही. बहुधा तो दुसऱ्या व्यायामशाळेत जात असावा.

वाग्भट वाचल्यावर मला जो आनंद झाला त्याचं वर्णन करणं कठीण आहे. आळसाला शास्त्राधार मिळाल्याचा आनंद तूप-साखरेसारखा असतो. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या रुबाबात डंबेल उचललं, दहा खेपा केल्या आणि ठेवून दिलं.

"काय झालं, काका?"

"दोन शिल्लक ठेवल्या. फेल्युअरची जरुरी नसते." मी त्याला हेनमन, डीलॉर्म आणि वाग्भट अशा क्रमाने ऐकवले. पोराने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "असेल काका. तुम्ही वाचलेलं आहे. फक्त एकदा माझ्यासाठी तेच वजन उचला आणि थांबूच नका. नक्की दोनच शिल्लक होत्या का, बघू."

जरा दम खाऊन मी उचललं. दहा झाल्या. बारा झाल्या. बाराला मी विजयी मुद्रेने त्याच्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. पंधरा झाल्या. एकोणीसाव्या खेपेनंतर हात थांबला. विसावी काही निघाली नाही.

म्हणजे दोन नव्हे, नऊ शिल्लक होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या हिशेबात चुका काढणारा मी. माझ्या स्वतःच्या वहीत सात खेपांची अफरातफर होती. पोराने टोमणा मारला नाही. नुसतं म्हणाला, "बहुतेकांचं असंच असतं, काका. आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त उरलेलं असतं." हेही खरंच निघालं. ज्यांनी मोजून पाहिलं त्यांनाही असंच आढळलं आहे, की सेटच्या मध्येच माणसाला विचारलं तर तो शिल्लक थोडी कमीच सांगतो. सरासरीने एखाद्या खेपेची चूक असते. मी सरासरीतला नाही एवढंच.

तेव्हा कुठे मला फेल्युअरचा खरा उपयोग कळला. ती मोजपट्टी आहे. आपली हद्द कुठे आहे हे अधूनमधून पायी जाऊन पाहून यावं, म्हणजे बाकीचे दिवस अलीकडे थांबताना आपण खोटं बोलत नाही. मात्र हद्दीवर घर बांधू नये. पार दमेपर्यंत उचलायला नुसता हट्ट पुरतो. दोन शिल्लक ठेवून थांबायला प्रामाणिकपणा लागतो, आणि तो कुठल्याही डंबेलपेक्षा जड असतो. त्याला मूठही नसते.

हे सगळं इथेच संपलं असतं. पण 'शिल्लक' या शब्दाने मला आमच्या वाड्यातल्या स्वयंपाकघरात नेऊन उभं केलं.

आम्ही घरात अकरा माणसं. सत्तरचं दशक. आई पहाटे पाचला उठे आणि रात्री सगळ्यांची पानं उचलल्यावर ओटा पुसत असे. "दमलीस का गं?" असं कुणी विचारलंच, तर तिचं उत्तर ठरलेलं. "मला काय धाड भरलीय?" रात्री साडेदहाला पाहुणा दारात उभा राहिला तरी "दोन पोळ्या करायला काय होतंय?" म्हणून ती पुन्हा परात ओढी. आम्हा सगळ्यांची खात्री होती, की आईकडे नेहमीच दोन शिल्लक असतात. तिला विचारून खात्री केली होती असं नाही. न विचारणं सोयीचं होतं. साठी गाठायच्या आत तिने एके दिवशी परात भिंतीला टेकवली आणि तिथेच बसली. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, "चंदनासारखी झिजली हो माउली." आम्ही मान डोलवत होतो. ऐकायला फार बरं वाटत होतं.

आज वाटतं, चंदन आपण होऊन झिजत नाही. त्याला सहाणेवर कुणीतरी धरलेलं असतं, आणि उगाळलेलं गंध त्याच्या कपाळी लागत नाही. दुसऱ्याला झिजवून झालं की आपण त्याला चंदन म्हणतो. मी नऊ शिल्लक असताना दोन सांगत होतो. ती एकही शिल्लक नसताना "दोन आहेत" म्हणत होती. खोटं दोघंही बोललो. पण माझं खोटं पकडायला शेजारी एक माणूस उभा होता. तिच्या शेजारी आम्ही दहा जण पानावर बसलो होतो.

तेव्हा दमेपर्यंत उचलणं जरूर आहे का, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं. स्नायूंसाठी नाही. पुण्यासाठी तर मुळीच नाही. आणि दुसरा कुणी दमेपर्यंत उचलत असेल, तर त्याचं कौतुक करण्याआधी त्याच्या हातातलं थोडं ओझं घेऊन बघावं.

हल्ली मी आठवड्यातून तीन दिवस जातो. महिन्यातून एखाद्या वेळी ट्रेनरला सोबत उभा करून हद्दीपर्यंत जाऊन येतो, एरवी दोन ठेवून थांबतो. खऱ्या दोन. त्या जिन्यासाठी, आजींसाठी आणि अशाच कुणासाठी राखून ठेवलेल्या आहेत असं मी परवा मोठ्या गंभीरपणे हिला समजावून सांगितलं. हिने सगळं ऐकून घेतलं, अगदी वाग्भटांच्या सिंहासकट.

"म्हणजे आज दोन उरल्यात म्हणता?"

"उरल्यात."

"खऱ्या?"

"खऱ्या."

"मग एकीत माळ्यावरचा पितळी डबा काढा," ती म्हणाली, "आणि दुसरीत तो घासून द्या. आज मी दमलेय."

चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी प्रथमच ऐकलं. मी मुकाट्याने स्टूल आणायला गेलो.